फ्यूज माझ्या मुठीत होता

विहिरीत माणूस उतरला की घरातल्या बाईने मोटरचा फ्यूज काढायचा आणि तो हातात धरून काठावर बसायचं, अशी आमच्या घरची पद्धत. मी लग्न होऊन गिरीजला आले तेव्हा सासूबाई बसायच्या. त्यांचे गुडघे धरले तेव्हापासून मी बसू लागले. फ्यूज पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. तो बोर्डावरून ओढून काढला की मोटरला वीज जात नाही, आणि तो आपल्या हातात असेपर्यंत कुणी चुकूनही मोटर लावू शकत नाही. खाली गाळ काढणारा माणूस मधून मधून विचारतो, "हाय ना?" वरच्या बाईने म्हणायचं, "हाय." तेवढं ऐकलं की तो परत कामाला लागतो.

मी नवी होते तेव्हा माझ्या तोंडून हा एवढासा शब्दही निघायचा नाही. सासरे पडवीत बसलेले, दीर केळीत काम करत असलेले, त्यांच्यादेखत नवऱ्याला ओरडून उत्तर कसं द्यायचं? मग मी तो फ्यूजच विहिरीच्या कठड्यावर वाजवायचे. टक टक. खालून ह्यांचं हसणं यायचं. "वर बायको बसवलीय का सुतारपक्षी?" पुढे मुलगा मोठा झाला, शिकला, परदेशी गेला, तरी मी टकटकच करत राहिले. मी चौथीपर्यंत शाळेत होते. तिथेही गुरुजींनी विचारलं की उत्तर यायचं, पण ओठांशी येऊन थांबायचं. लिहिताना तसं होत नाही. कागद आपल्या तोंडाकडे बघत नसतो.

हे गेल्यापासून विहिरीत माझे दीर उतरतात. त्यांचं घर आमच्या अंगणापलीकडे. वाडी दोघांची मिळून आहे: केळी, नारळ, थोडा मोगरा, पावसाळ्यात अळू. गोड पाण्याची विहीर आता एकच. मे महिन्यात पाणी खाली गेलं की पाण्यातल्या मोटरभोवती गाळ साचतो, तो पावसाआधी काढावा लागतो. दीर खाली उतरतात, जाऊ वरून दोराने घमेलं ओढते आणि मी फ्यूज धरून बसते.

माझा मुलगा अमेरिकेत इंजिनिअर होता. आमच्या बाजूची बरीच मुलं बाहेर आहेत, कुणी आखातात, कुणी कॅनडात. ती लग्नाला येतात, गणपतीला येतात, चॉकलेटं वाटतात आणि जातात. माझा मुलगा गेल्या वर्षी आला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन आला आणि पडवीत बूट काढता काढता म्हणाला, "आई, मी परत आलो. आता इथंच." मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर आधी मी त्या दोन बॅगांकडेच बघत राहिले. भरल्या ताटावरून माणूस उठतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं. मला विचारता येईना. जाऊबाईंनी विचारलं.

"काढला का रे तुला तिकडून?"

"नाही गं काकी. मीच सोडली नोकरी."

"सोडली? अमेरिकेतली? ती कोन सोडतं?"

"मी सोडली ना."

"मग आता काय करनार?"

मग त्याने आम्हा दोघींना बसवून समजावलं. त्याच्यासारखेच परत आलेले दोन मित्र होते, एक अमेरिकेतून, एक जर्मनीतून. तिघे मिळून कंपनी काढणार होते. विहिरीच्या मोटरला लावायचा एक डबा त्यांनी बनवला होता. विहिरीत पाणी किती आहे, ते खारट होतंय का, हे त्या डब्याला कळतं. पाणी कमी झालं की तो मोटर बंद करतो. आणि माणूस कुठेही असला तरी मोबाईलवरून मोटर चालू करू शकतो. आमची खालच्या अंगाची विहीर जास्त उपसून खारट झाली, तिथली केळी कडेने करपून गेली, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. तेव्हापासून हे डोक्यात होतं म्हणाला.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे एवढा शिकलास, इमानात बसून एवढ्या लांब गेलास, आनि शेवटी मोटर चालू-बंद करायलाच आलास ना? ती तर तुझी आई पन करते."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे एकदा मी डबा घेऊन, म्हणजे जेवणाचा डबा घेऊन, त्यांच्या ऑफिसात गेले होते, तर तिथल्या पांढऱ्या फळ्यावर जाऊबाईंचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलेलं होतं.

ऑफिस म्हणजे बोळिंजला जर्मनीहून आलेल्या मित्राचा फ्लॅट. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून टेबलं लावलेली, त्यावर वायरीच वायरी. लिफ्टमध्ये मी एकटी होते आणि ती मध्ये थांबली तर काय करायचं या धास्तीने मी डबा छातीशी धरून उभी होते. जर्मनीवाला खाली वाकून माझ्या पाया पडला. "काकी, तुमच्या विहिरीवरच आमचं सगळं चाललंय बघा." त्याने ते कौतुकाने म्हटलं. मी मात्र परत येताना सगळ्या वाटेत तेच घोकत होते. आमच्या विहिरीवर सगळं. म्हणजे विहिरीचं काही बिघडलं तर सगळं बिघडणार.

माझी भीती नुसती बाईमाणसाची भीती नव्हती. सून आणि नात अजून अमेरिकेतच होत्या. एका संध्याकाळी मुलगा अंगणात फोनवर सुनेशी बोलत होता आणि मी आत मोगरा ओवत होते. फोनचा आवाज मोठा होता. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत, ठरलंय आपलं. तोवर काम उभं राहिलं तर मी हिला घेऊन येते. नाहीतर तू परत ये." तो म्हणाला, "हो, ठरलंय." सून वाईट नाही. पोरीची शाळा, तिची नोकरी, तिने किती दिवस लटकत ठेवायचं? पण त्या दिवसापासून कंपनीचं जे काही होईल त्याच्याकडे मी श्वास रोखून बघू लागले. चाललं तर मुलगा राहणार, नातीला मी शाळेत सोडायला जाणार. नाही चाललं तर परत त्या दोन बॅगा.

मोटरच्या खोलीत जुन्या बोर्डाशेजारी नवा डबा बसला. वायरमन दोन दिवस काहीतरी करत होता. मी मुलाला विचारलं, "जुना बोर्ड काढणार?" तो म्हणाला, "राहू दे, खोलीतला दिवा त्याच्यावर चालतो." मोटर आता मुलगाच मोबाईलवरून लावायचा. डब्याला हिरवा दिवा होता. त्याला हात लावायचा नाही असं मला सांगितलेलं होतं, आणि मी तो लावला असता असंही नाही. तिकडून झाडून घेतानासुद्धा मी अंग चोरून जायचे. समोरच्या माडावर त्याने एक लहानसा कॅमेराही बसवला होता, मोटरचं पाणी पडतं त्या हौदाकडे तोंड करून. मला वाटलं चोरांसाठी. आम्ही त्याच्यापुढून जाताना पदर सारखा करायचो.

तसेच डबे जवळच्या होळी गावात ओळखीच्या लोकांच्या विहिरींवरही बसले. लोकांनी लावू दिले, कारण मुलाच्या वडिलांना सगळे ओळखत होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी मुलगा घाईघाईने जेवला आणि म्हणाला, "आई, उद्या मोठ्या कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांना पाणी दाखवायचंय. त्यांना पटलं तर आपलं झालंच समज. आणि सकाळी मला फोन करू नकोस हं, मी त्यांच्यासोबत असेन."

मी एरवीही फोन करत नाही. बोटं चुकीच्या ठिकाणी लागतील असं वाटतं. मी मान हलवली आणि मनात पाहुण्यांची तयारी सुरू केली. पाहुणे कुठे येणार हे विचारायचं मला सुचलंच नाही. विहीर इथे, हौद इथे, पाणी इथे पडणार. मग पाणी बघायला माणसं दुसरीकडे कुठे जातील? मी कपाटातल्या चांगल्या कपबश्या काढून धुतल्या. पोहे निवडून ठेवले. केळीचा एक घड उतरवून पडवीत टांगला, हाताशी असावा म्हणून.

सकाळी मुलगा इस्त्रीचा सदरा घालून बोळिंजला गेला. थोड्या वेळाने दीर आले. कमरेला पंचा, डोक्याला जुनं फडकं.

"वहिनी, कालचं पानी बघितलं? नुसता चिखल. पाहुन्यांपुढे असलं पानी पडलं तर पोराची काय शोभा?"

"पण भाऊजी, ते येतील ना आता."

"येतील. मग बसतील. तुम्ही पोहे द्याल. च्या घेतील, ह्याचं त्याचं बोलतील. मग उठून बघतील ना पानी? तवर माझं आटपतंय."

मला ते पटलं. आमच्याकडे आलेला माणूस अंगणातून थेट विहिरीवर गेलाय असं कधी झालेलं नाही. चहाआधी कुणी मोटर लावत नाही.

मी मोटरच्या खोलीत गेले, जुन्या बोर्डावरचा फ्यूज ओढून काढला. खोलीतला दिवा विझला. नेहमी विझतो तसाच. मी फ्यूज मुठीत धरला आणि काठावर येऊन बसले. दीर लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं. जाऊबाई दोर धरून उभ्या राहिल्या. पहिलं घमेलं वर आलं, काळा मऊ गाळ, त्यात एक गंजलेली चमची. जाऊबाई म्हणाल्या, "ही माझीच. तुमच्याकडे हरवली म्हनून मी तुमच्यावर संशय घेत होते, ताई." दीर खालून म्हणाले, "मग माग माफी." आणि लगेच, "हाय ना?"

टक टक, मी वाजवलं.

मग तो आवाज आला. आधी मला वाटलं शेजारच्या वाडीतली मोटर. तो घुं आवाज तसाच असतो. पण तो लांबून येत नव्हता, माझ्या मांडीखालच्या दगडातून येत होता. विहिरीतला पाइप एकदम हिसकला आणि हौदात पाणी धो धो पडू लागलं.

मी मूठ उघडून बघितली. फ्यूज होता. पांढरा, मला पाठ असलेला, एका कोपऱ्याला टवका गेलेला. फ्यूज हातात होता आणि मोटर चालू होती. आयुष्यात मी पुष्कळदा घाबरले आहे, पण तेव्हा जे वाटलं ते वेगळं होतं. जमीन आहे तिथेच आहे आणि पाय मात्र टेकत नाहीयेत, असं.

खालून दिरांचा आवाज आला. तो शब्द नव्हता. गुराच्या घशातून येतो तसा काहीतरी. जाऊबाई ओरडल्या, "वर या! अहो, वर या!" मी मोटरच्या खोलीत धावले. डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला. कुठे हात लावायचा? लावला आणि आणखी काही झालं तर? मी हात पुढे केला, मागे घेतला. मग तशीच घराकडे पळाले. पडवीत मीटरखाली मोठा खटका आहे, सगळ्या घराचा. तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

परत आले तेव्हा मोटर बंद होती. दीर लोखंडी पायरीला दोन्ही हातांनी मिठी मारून लटकले होते. पाय पाण्याबाहेर घेतलेले, डोळे मिटलेले. "हळूहळू या," जाऊबाई म्हणत होत्या, "एकेक पायरी. मी बघतेय. या." ते वर आले आणि उन्हाने तापलेल्या दगडावर बसून थंडीत बसल्यासारखे कापू लागले.

"पान्यात करंट उतरला. आधी मुंग्या आल्या," ते म्हणाले. "मग कोनीतरी दोन्ही पाय धरून खाली वढल्यासारखं. बरं झालं पायरी हाताशी होती."

जाऊबाईंनी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकला. मग तोच पंचा उचलून त्यांच्या पाठीवर मारला. एकदा, दोनदा. "पाहुन्यांना पानी दाखवायला निघाला! पाहुन्यांना!" आणि मग रडायला लागल्या.

मी दिरांसमोर मूठ उघडून उभी होते. "भाऊजी, मी काढला होता. हा बघा. मी काढला होता."

"ठावं हाय, वहिनी. मी टकटक ऐकली ना." जरा दम खाऊन ते म्हणाले, "पोराला सांगू नका."

"सांगू नका?" जाऊबाई उसळल्या.

"मी उभा हाय ना?"

"उभा हाय म्हने! कापतोय नुसता!"

"अगं, तो हे ऐकून सगळं बंद करील. त्याचा स्वभाव त्याच्या बापाचा. मग जाईल परत. एक आलाय आपल्यात, त्याला राहू दे."

 दुपारपर्यंत मी कपबश्यांसमोर बसून होते. पाहुणे आलेच नाहीत. पोहे मी गुरांना घातले.

दिवेलागणीला मुलगा आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. घरात शिरताच त्याने मला खांद्यांना धरून हलवलं. लहानपणी शर्यत जिंकून आला की करायचा तसं. "आई! पाणी बघितलंस ना सकाळी? कसलं पडलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"कुठे?"

"बोळिंजला, ऑफिसात. मोठ्या पडद्यावर हौद दिसत होता. त्यांच्यातल्या बाईंनीच मोबाईलवर बटण दाबलं आणि इकडे धो धो. पाणी जरा गढूळ होतं, पण मी म्हटलं मे महिना आहे."

टाळ्या. ते टाळ्या वाजवत होते तेव्हा मी खटक्याला लोंबकळत होते. मी खटका ओढल्यामुळे मोटर थांबली की त्यांनी तिकडून थांबवली, आधी काय झालं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तो सुनेला फोन करून आनंदाने बोलत होता. नातीचा आवाज आला. आपल्या विहिरीत बेडूक आहेत का, असं ती विचारत होती. तो म्हणाला, "आहेत ना, तू आलीस की दाखवतो." मी भाकऱ्या थापत होते. कमरेला कनवटीत फ्यूज तसाच होता. तो परत लावायला माझा हात धजला नव्हता. चुलीसमोर वाकलं की तो पोटाला टोचत होता. मी मनाशी ठरवत होते की नाही सांगायचं. भाऊजी बरे आहेत. माणूस वाचला, मुलगा राहतोय. देवापुढे दिवा लावायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं.

जेवताना तो म्हणाला, "उद्या सकाळी होळीच्या सगळ्या विहिरी एकदम चालू करून बघणार. त्या लोकांना तेच बघायचंय. एका बटणावर सगळ्या मोटरी."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. होळीच्या विहिरींनाही हाच महिना. तिथेही गाळ काढायचं काम ह्याच आठवड्यात चाललेलं असणार. तिथल्या घरांतूनही कुणीतरी बाई असाच फ्यूज काढून काठावर बसेल. तिच्या खोलीतलाही दिवा विझेल. तिलाही वाटेल, झालं. मला त्यातल्या दोघींचे चेहरे डोळ्यांसमोर आले. एकीकडून मी अळूचे कांदे आणले होते.

 मी कनवटीतून फ्यूज काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय? हा कशाला काढलास?"

"काका विहिरीत होते."

"कधी?"

"सकाळी. पाणी पडलं तेव्हा."

त्याने फ्यूज उचलला. घास तोंडातच होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, मोटर आता ह्या फ्यूजवर नाहीये. तो सारखा जळायचा म्हणून मी घरच्या मीटरवरून वेगळी लाईन टाकली. जुन्या बोर्डावर फक्त दिवा आहे."

"मला काय माहीत?"

"आणि मला माहीत नव्हतं की तू फ्यूज काढून बसतेस."

खरं होतं. गाळ काढायच्या दिवसांत तो नेहमी मामाकडे असायचा, सुट्टीला. आणि ही काही बसून शिकवायची गोष्ट आहे असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही.

तो उष्ट्या हातानेच उठला आणि अनवाणी अंगण ओलांडून पळाला. काकांच्या घरातून जाऊबाईंचा चढलेला आवाज आला, मग दिरांचा. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. स्कूटरची किल्ली शोधत होता, ती त्याच्या हातातच होती. होळीला जाऊन त्याने प्रत्येक घरी उभं राहून डब्याची वायर काढून टाकली आणि मित्रांना फोन करून सकाळचं रद्द केलं. हे मला त्याने नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त त्याची स्कूटर वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. वाटलं, मी बोलले आणि गेला तो. आता दिवाळीची वाटही बघायला नको.

दुसऱ्या दिवशी तिघेही आमच्या पडवीत बसले. मी आत चहा करत होते.

"दुरुस्त करू ना," जर्मनीवाला म्हणाला. "आठवड्याभराचं काम. पण त्या लोकांना कशाला सांगायचं आत्ता? सही होऊ दे."

"माझा काका खाली होता."

"होता, कबूल. पण बरा आहे ना?"

अंगणात दीर खोकले. ते मुद्दामच तिथे विळ्याला धार लावत बसले होते.  तिसरा, जो फार बोलत नाही, तो म्हणाला, "बटण त्यांच्या बाईंनी दाबलं होतं. त्यांना कळायला पाहिजे."

माझा मुलगा माडाखाली उभा राहून फोनवर इंग्रजीत बोलला. मला खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. कळत काही नव्हतं. पाठ बोलताना आधी ताठ होती, मग नव्हती. आत येऊन म्हणाला, "थांबलं सगळं. आधी आम्ही काय बदलतो ते बघणार, मग कळवणार."

"मग तू..."

"चहा दे आई," तो म्हणाला. मी दिला.

पुढचे दिवस मोटरच्या खोलीतून ठोकाठोक ऐकू येत होती. त्यांनी विहिरीच्या कठड्याजवळ एक लाल मूठ बसवली. ती ओढून काढली की मोटरकडे जाणारी वीजच तुटते, मग मोबाईलवरून कुणी काहीही केलं तरी मोटर चालू होत नाही, आणि काढलेली मूठ हातात ठेवता येते. मुलाने मोठ्या हौसेने ती माझ्या हातात दिली. "बघ, तुझ्या फ्यूजसारखीच."

मी ती परत दिली. "फ्यूजही हातातच होता रे. हातात असून काय? खरंच बंद झाली हे मला वरून कसं कळणार?"

 नंतर त्यांनी मोटरच्या वायरीवरच एक दिवा लावला, कठड्यावर, वीज असली की पेटणारा. मी त्याच्याकडेही संशयाने बघायचे. विझलेला दिवा मी आधी पाहिला होता.

पावसाचे ढग जमायला लागले तेव्हा उरलेला गाळ काढायचा होता. दीर पंचा लावून आले, पण मुलगा म्हणाला, "काका, आज मी उतरणार." मी नको म्हटलं. जाऊबाईंनीही नको म्हटलं. तो म्हणाला, "सकाळपासून वरून शंभरदा बघितलंय. पण मी उतरल्याशिवाय दुसऱ्या कुणाला उतर कसं म्हणू?"

त्याने लाल मूठ काढून माझ्या हातात दिली आणि लोखंडी पायऱ्यांवरून खाली गेला. जाऊबाईंनी दोर धरला. दीर मोबाईल घेऊन माझ्याजवळ उभे राहिले. बोळिंजहून जर्मनीवाला बोलत होता. तिकडून तो बटण दाबणार होता, मुद्दाम, माझा मुलगा पाण्यात उभा असताना. मोटर चालू होत नाही हे बघण्यासाठी.

"काकी," मोबाईलमधून आवाज आला, "तुम्ही सांगितल्याशिवाय मी दाबणार नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले.  मी खाली वाकले. काळ्या पाण्यात त्याचं डोकं, केस वडिलांसारखेच मागून विरळ होत आलेले. दिवा विझलेला. मूठ हातात. मी मूठ उघडून बघितली, मिटली, परत उघडली. हातात असणं आणि बंद असणं हे एकच आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही, आणि पुढे कधी वाटेल असंही नाही.

"थांबा," मी म्हटलं. "एक पाय पायरीवर ठेव. हाताने पायरी धर."

त्याने धरली. "धरली आई."

"दोन्ही हातांनी."

"दोन्ही धरले."

दीर माझ्याकडे बघत होते. मी इतकं मोठ्याने बोलते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"दाबा," मी म्हटलं.

"दाबलं," मोबाईल म्हणाला.

मी पाइपकडे बघत होते. पाइप हलला नाही. पाणी हललं नाही.  "परत दाबलं," मोबाईल म्हणाला. "परत." लांब कुठल्यातरी वाडीत मोटर सुरू झाली आणि मी झटकन दिव्याकडे बघितलं. ती आमची नव्हती.

खालून माझ्या मुलाने विचारलं. काकांनी शिकवलं असणार, त्याच हेलात.

"हाय ना?"

माझा हात आपोआप कठड्याकडे गेला. मी तो मागे घेतला.

"हाय," मी म्हटलं. "वर ये आता. आधी वर ये."

त्या कंपनीचा फोन अजून आलेला नाही. दिवाळी लांब आहे. आज नातीने परत बेडकाचं विचारलं.